लहान मुलाच्या तोंडात पुन्हा पुन्हा थ्रश होत असेल तर काय करावे?

तुमच्या १४ महिन्यांच्या मुलाच्या तोंडात पांढरे डाग, म्हणजे थ्रश, तिसऱ्यांदा आले आहेत आणि त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी मुंबईत बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. बहुतेक मुलांमध्ये याचे कारण साधे असते, पण वयाच्या एक वर्षानंतर वारंवार होणारा थ्रश तपासून घेतलाच पाहिजे.

थ्रश कॅन्डिडा या बुरशीमुळे होतो आणि ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडातही असते. अँटिबायोटिकमुळे तिला आवरणारे जिवाणू कमी झाले, किंवा दम्याच्या पंपातले स्टिरॉइड तोंडात साचून राहिले, की ती फोफावते. पावसाळ्यात सर्दी-खोकल्यासाठी दरवेळी अँटिबायोटिक दिले गेले असेल, तर हे आधी डॉक्टरांना सांगा. पंप चालू असेल तर तो स्पेसरने (पंपाला जोडायच्या पोकळ नळीने) द्या आणि नंतर तोंड पुसून पाणी पाजा. मात्र स्वतःहून बंद करू नका.

डाग दिसेनासे होताच औषध थांबवणे, बाटलीचे निपल नीट न उकळणे, आणि आईच्या स्तनाग्रांवरचा संसर्ग तसाच राहणे, यांमुळेही थ्रश परततो. अंगावर पाजताना जळजळ होत असूनही कित्येक आया विचारल्याशिवाय सांगत नाहीत, म्हणून आग्रहाने लिहिते की गरज असल्यास दोघांचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत. डाग बोटाने खरवडू नका, खालची त्वचा रक्ताळते. बोरोग्लिसरीन लावू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मधही देऊ नये.

यांपैकी कोणतेच कारण नसेल, किंवा जोडीला वारंवार न्यूमोनिया, कान फुटणे, न थांबणारे जुलाब, वजन न वाढणे यांपैकी काही असेल, तर औषधाच्या दुकानातून तीच बाटली पुन्हा आणू नका. बालरोगतज्ज्ञ रक्तातील पेशी, साखर, एचआयव्ही आणि इम्युनोग्लोब्युलिन (संसर्गाशी लढणारी रक्तातील प्रथिने) यांच्या तपासण्या सुचवू शकतात. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषाची शंका आलीच, तर परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत या आजारांवर विशेष काम चालते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या.

मूल दूध-पाणी घेत नसेल, लघवी कमी झाली असेल, गिळताना रडत असेल, ताप असेल किंवा ते मलूल दिसत असेल, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात न्या.