तासगावात शिकवायला येताय तर

अभ्यासक्रम शिवाजी विद्यापीठाचा, तो तुम्ही शिकवालच. त्याआधी एसटीच्या वेळा माहीत करून घ्या. शेवटच्या तासाला मुली घड्याळ बघतात ते कंटाळून नव्हे. गाडी चुकली की घरी पोचायला अंधार होतो.

ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी निघाली की वर्ग विरळ होतात. फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं वाळवून बेदाणा करायची शेड सुरू झाली की पुन्हा तेच. चिडून हजेरीवर लाल शेरे मारू नका, महत्त्वाचं आधी शिकवून घ्या.

तुमचा विषय वाणिज्य, म्हणून मुद्दाम सांगतो: बेदाण्याचे सौदे बघायला जा. अडत (अडत्याचं कमिशन), हमाली, तोलाई, शीतगृहाचं भाडं वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात काय पडतं, ते तिथल्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदात, दिसतं. मुलांना घरच्या जुन्या पट्ट्या आणायला सांगा आणि एक अख्खा तास त्यांवर घ्या. पोरगी बापाला कपातीचा हिशेब विचारू लागली की कॉलेज गावाच्या उपयोगी पडलं म्हणायचं. (अडत्यांना हे रुचेलच असं नाही.)

सकाळी दुकानात काम करून येणाऱ्या मुलाला कमी लेखू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ च्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजातली मुलं ‘कमवा आणि शिका’ म्हणत राबूनच शिकली.

नवे प्रमाणपत्र कोर्स काढायची घाई नको. एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर मात्र मागून घ्या, कोणी नको म्हणत नाही.