सोरॉरिटी: सही करण्याआधी

लेकीला सोरॉरिटीत, म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेत, जाऊ द्यावं की नाही, असं तुम्ही विचारलंत. ती न्यू जर्सीहून अलाबामा विद्यापीठात चालली आहे, तिला ऑगस्टमध्ये रश, म्हणजे सोरॉरिटीत शिरण्यासाठीची निवडफेरी, करायचंय, तिच्या बाबांच्या मते हे सगळं पार्ट्यांचं खूळ आहे आणि तुम्ही दोघांच्या मध्ये. माझी मुलगी दक्षिणेतल्याच एका मोठ्या कॉलेजात यातून गेली, भाची टेक्ससमध्ये देशी सोरॉरिटीत होती. दोघींचं जवळून पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

नुसतं ‘जावं की नाही’ याला उत्तर नाही, कारण सगळ्या सोरॉरिटी एका माळेचे मणी नव्हेत. टिकटॉकवर दिसतात त्या खांबांच्या हवेल्यांमधल्या सोरॉरिटी नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या. ही संघटना १९०२ सालची, तिच्यात २६ सोरॉरिटी आहेत. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या जुन्या सोरॉरिटी वेगळ्या. कमला हॅरिस ज्या अल्फा कॅपा अल्फाच्या, ती १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात निघाली. आणि आपल्या देशी मुलींनी काढलेल्या आणखी वेगळ्या: ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनची कॅपा फाय गामा, दोन्ही १९९८ च्या. यांचे बंगले सहसा नसतात, मुली मोजक्या, खर्च बराच कमी. पण नव्या मुलींची प्रक्रिया कित्येक आठवडे चालते आणि तिच्याबद्दल बाहेर बोलायची पद्धत नाही. आईला हे जड जातं, आधीच सांगून ठेवते.

अलाबामाचा रश म्हणजे वर्ग सुरू व्हायच्या आधीचा पूर्ण आठवडा. दार उघडतं तेव्हा आत मुलींची भिंत उभी असते, टाळ्या, आरोळ्या, गाणी. बाहेर ऑगस्टचं ऊन, हातात छोटा पंखा, पिशवी दाराबाहेर ठेवायची. आत गेल्यावर एक मुलगी बोलायला घेते, काही मिनिटांनी दुसरी येते, मग तिसरी. दिवसभर घरोघर, म्हणजे एकेका सोरॉरिटीच्या बंगल्यात, हेच. कांदेपोह्यांचे कार्यक्रम एका आठवड्यात उरकावेत तसं, फक्त इथे दोन्ही बाजू यादी लावतात आणि जुळवणी कॉम्प्युटर करतो. रोज काही घरं गळतात. चांगली बोलकी, हुशार मुलगीसुद्धा आवडत्या घरातून गळते आणि कारण कुणी सांगत नाही. त्या संध्याकाळी फोन येईल, तेव्हा उपदेश नको. नुसतं ऐका.

खरी मेख शेवटच्या दिवशी आहे. प्रेफरन्स राउंडला एक-दोनच घरं उरतात. वातावरण गंभीर, गाणी हळवी, मुली रडतात. तिथून निघाल्यावर लगेच पसंतीक्रम भरून करारावर सही करायची. ज्या ज्या सोरॉरिटीचं नाव तिने त्या यादीत लिहिलं, त्यांच्यापैकी कुणाचीही बिड, म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण, आली की ती बांधली गेली. नाकारली, तर पुढच्या वर्षीच्या रशपर्यंत त्या कॅम्पसवर या २६ पैकी कुठलीच नाही. आणि एकदा विधिवत सदस्य झाली, की पुढे सोडली तरी या २६ मधल्या दुसरीत जन्मात जाता येत नाही. म्हणून घरी आताच बोलून ठेवा: जिथे खरंच राहायचं नाही, ते नाव लिहायचं नाही. अठरा वर्षांची पोर, आठवडाभर धड झोप नाही. त्या क्षणी हा विचार सुचत नसतो.

पैशांचं तिच्या बाबांनी विचारलंय ते रास्तच आहे. अलाबामात दर सेमिस्टरला काही हजार डॉलर्स धरा. पहिल्या सेमिस्टरला बॅज, प्रवेश शुल्क वगैरे वरून. सोरॉरिटीच्या घरातलं जेवण बहुधा सक्तीचं, मग कॉलेजच्या मील प्लॅनचे पैसे दुबार जातात का, ते विचारा. दुसऱ्या वर्षी त्या घरात राहावंच लागेल का, दंड कशाकशाचा, हेही विचारा. आकडे लेखी मागायचे, त्यात संकोच कसला!

रंगाचा प्रश्न तुम्ही आडून विचारलात, मी सरळ सांगते. तिथल्या पारंपरिक सोरॉरिटींमधला वर्णभेद २०१३ साली विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने चव्हाट्यावर आणला, त्यानंतर दारं किलकिली झाली. आता देशी मुली दिसतात, पण घरागणिक फरक आहे. सध्याच्या सदस्यांचे फोटो बघितले की पुष्कळसं कळतं.

हेझिंगसाठी, म्हणजे नव्या सदस्यांच्या रॅगिंगसाठी, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने कॉलेजांना हेझिंगच्या दोषी संघटनांची नावं आपल्या वेबसाइटवर द्यावी लागतात. तो अहवाल काढून वाचा, फ्रॅटर्निटींचाही, म्हणजे मुलांच्या तशाच संघटनांचाही. सोरॉरिटीच्या घरात दारू चालत नाही, पार्ट्या फ्रॅटर्निटींकडे होतात, आणि बाबांची काळजी खरी तिथली आहे.

माझं मत विचाराल तर नाव नोंदवू द्या. बिड नाही आली किंवा सही करण्याआधीच मन उडून ती रशमधून बाहेर पडली, तर जागा उरलेल्या सोरॉरिटी रशनंतरही मुली घेतात. तिथे ना आरोळ्या ना रांगा, कॉफीवर गप्पा होतात. माझ्या लेकीची सगळ्यात चांगली मैत्रीण तशीच मागाहून आली.