फॉर्म्युला फळ्यावर लिहायची घाई करू नकोस

कोर्स कसा शिकवू, हा तुझा मेसेज वाचला. शिकवायचं पहिलंच सेमिस्टर आणि तेही क्वांटिटेटिव्ह मेथड्सचं, म्हणजे आकडेवारीने संशोधन करायच्या पद्धतींचं, पोटात गोळा येणारच, पण समोर बसलेल्या पोरांच्या पोटात तुझ्यापेक्षा मोठा गोळा असतो. त्यातल्या निम्म्यांनी गणितातून सुटका म्हणून पॉलिटिकल सायन्स घेतलेलं असतं (आपण तरी वेगळे कुठे होतो!).

पहिल्या वर्षी मी पुस्तकाच्या क्रमानेच शिकवत गेले. पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली आली की 'सिग्निफिकंट' लिहायचं हे सगळ्यांना यायचं, म्हणजे काय ते कोणालाच नाही.

आता मी सुरुवात भांडणाने करते. रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं १९५० चं उदाहरण घे. अमेरिकेची १९३० ची जनगणना, ज्या राज्यात परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी, कोरिलेशन (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती वाढतात-घटतात त्याचं माप, उणे एक ते अधिक एक) उणे ०.५३ च्या आसपास. विचार, मग बाहेरून आलेले जास्त शिकलेले होते ना? वर्ग हो म्हणतो, वर कारणंही देतो, देऊ दे, मध्ये बोलू नकोस. मग सांग की तेच माणसागणिक मोजलं तर अधिक ०.१२, म्हणजे थोडं का होईना पण उलटंच, कारण ते लोक जाऊन राहिले ती राज्यंच मुळात जास्त साक्षर होती. मग कोणीतरी विचारतंच, की मतदारसंघाचे आकडे बघून अमक्या गटाने तमक्या पक्षाला मत दिलं असं आपण बिनधास्त बोलतो त्याचं काय? इकॉलॉजिकल फॅलसी (गटाच्या आकड्यांवरून एकेका माणसाबद्दल निष्कर्ष काढायची चूक) हा शब्द तेव्हा दे, आधी नको.

सॅम्पलिंगला कॉम्प्युटरवर खोटी लोकसंख्या बनवून त्यातून हजाराचं सॅम्पल शंभरदा काढायला लाव, बहुतेक उत्तरं तीन टक्के इकडेतिकडे हलताना दिसतात. आणि नुसतं मोठं सॅम्पल पुरत नाही हे दाखवायला लगेच लिटररी डायजेस्ट या अमेरिकन मासिकाचा १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा पोल सांग, वीस लाखांवर पत्रिका परत आल्या, लँडन जिंकणार म्हणाले, आणि समोरच्या रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं मारली.

सॉफ्टवेअर आर की स्टाटा या वादात पडू नकोस. आर फुकट आहे, बास.

आणि असाइनमेंटला स्वच्छ केलेला डेटा अजिबात देऊ नकोस. 'माहीत नाही'ला ९९ कोड असतो, तो तसाच धरून पोरं शून्य ते दहाच्या स्केलवर सरासरी चौदा काढतात आणि वर तिचा अर्थपण लावतात! एकदा असं झालं की कोडबुक, म्हणजे कुठल्या कोडचा अर्थ काय ते सांगणारी यादी, आपोआप वाचलं जातं.

पहिली असाइनमेंट ठरली की पाठव, कोडबुकसकट.