उत्तर बघितलं की सगळं कळतं, पण कोरा कागद समोर आला की हात चालत नाही

मी विद्यार्थ्यांची कौन्सेलर, आणि हे वाक्य मला ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला कोणीतरी ऐकवतं. इंजिनिअरिंगची मुलं येतात, बीकॉमची येतात, परवा फार्मसीतली एक मुलगी आली, सगळ्यांचं म्हणणं तेच. आणि मग आईवडिलांचे फोन, "बारावीला एवढे छान मार्क होते हो मॅडम, आता याला झालंय काय?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एक केसच लिहिते. मुलाची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. आपण त्याला ओंकार म्हणू.

ओंकार बार्शीकडचा. दहावीपर्यंत मराठी मिडियम, बारावीला आणि सीईटीला चांगले मार्क, पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन, कॉट बेसिसवर एका रूममध्ये चौघं. इन्सेमचा (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचा) रिझल्ट लागल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. एमवनला (मॅथ्सच्या पहिल्या पेपरला) ३० पैकी ९, मेकॅनिक्सला ७. बसल्या बसल्या त्याने बॅगेतून असाइनमेंटची फाईल काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणला, "मॅम, मी अभ्यास करत नाही असं नाहीये, तुम्हीच बघा."

मी बघितली. सुंदर अक्षर, प्रत्येक गणित पूर्ण, उत्तराला चौकट. पण अख्ख्या फाईलमध्ये एक खाडाखोड नाही. स्वतः गणित सोडवणाऱ्या माणसाची वही इतकी स्वच्छ राहूच शकत नाही, हे मला तेव्हाच खटकलं. पण पहिल्या भेटीत मी ते बोलले नाही, कारण आधी दुसऱ्या गोष्टी विचारायच्या असतात. झोप किती होते, जेवतोस का, घरी बोलतोस का, आणि जीव नकोसा झाल्यासारखं कधी वाटतं का, हे मी स्पष्टच विचारते. तो म्हणला तसं काही नाही, पण दिवाळीला घरी जाऊच नये असं वाटतंय. (तसं काही वाटत असेल तर अभ्यासाचं सगळं बाजूला ठेवून आधी बोला, टेली-मानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.)

त्या दिवशी मी त्याला टाईमटेबल करून दिलं आणि ती माझी चूक होती, हे सांगायलाच हवं. आठवड्याने तो परत आला, सातपैकी पाच दिवस संध्याकाळचे तीन-तीन तास मनापासून बसला होता, आणि तरी क्लास टेस्टमध्ये जवळजवळ कोरा पेपर देऊन आला होता. म्हणजे तास कमी पडत नव्हते, त्या तासांत काय होत होतं ते मी विचारलंच नव्हतं.

मग मी म्हणलं, सांगू नकोस, करून दाखव. त्याच्याच प्रॉब्लेम शीटमधलं एक गणित घेतलं. ५ मीटरची शिडी गुळगुळीत भिंतीला टेकवलीय, पाया भिंतीपासून ३ मीटर लांब, शिडीचं वजन २०० न्यूटन, जमिनीचं घर्षण किती लागेल. ओंकारने गणित वाचलं, अर्धा मिनिट बघितलं आणि त्याचा हात आपोआप मोबाईलकडे गेला. त्याचं त्यालाही कळलं नाही. मी म्हणलं थांबवत नाही तुला, रोज करतोस तसंच कर. त्याने फोटो काढला, दोन सेकंदात सगळ्या स्टेप्ससकट उत्तर आलं, ते वाचताना मान हलवत "हां हां, कळलं" असं पुटपुटला आणि सुंदर अक्षरात उतरवून काढलं. चार मिनिटांत गणित झालं. मग मी फोन आणि कागद दोन्ही काढून घेतलं, कोरा कागद दिला आणि तेच गणित परत करायला सांगितलं.

त्याने गिव्हन लिहिलं, खाली आकडे लिहिले आणि थांबला. बराच वेळ. मग डोळे भरून आले.

त्याला वाटत होतं आपलं डोकं कमी पडतंय, सीईटीचे मार्क चुकून पडले. मला तसं अजिबात वाटलं नाही. सीईटीला मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत करायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि समोर चार पर्याय दिलेले. दोन वर्षं मुलं हेच करतात, दोन मिनिटांत जमलं तर ठीक नाहीतर पुढचा प्रश्न. तिथे ते बरोबरच आहे. पण कॉलेजात आल्यावर एकच गणित वीस-पंचवीस मिनिटं खातं, पर्याय नसतात, आणि मुलाला वाटतं दोन मिनिटांत सुचलं नाही म्हणजे मला हे येतच नाही. मग तो उत्तर बघतो आणि उत्तर बघितलं की खरंच कळतं, हीच मोठी फसगत आहे. एखाद्याच्या गाडीवर मागे बसून रोज कॉलेजला गेलात तर रस्ता पाठ झाल्यासारखा वाटतो, सगळी वळणं ओळखीची, पण एक दिवस गाडी आपल्या हातात आली की पहिल्याच चौकात पाय टेकून उभं राहायला लागतं. ओंकार दोन महिने मागच्या सीटवर होता.

त्या दिवसापासून आम्ही एवढंच ठरवलं की पहिली १५ मिनिटं उत्तर बघायचं नाही. मोबाईल रूममेटच्या कपाटात. त्या १५ मिनिटांत उत्तर आलंच पाहिजे असं अजिबात नाही, आकृती काढायची, काय दिलंय आणि काय हवंय ते आपल्या शब्दांत लिहायचं (मराठीत लिही म्हणलं, त्याला ते सोपं जात होतं), आणि अडकलं की एक वाक्य लिहायचं, "इथे अडकलो कारण..." त्यानंतर उत्तर उघडायचं, पण खालचा भाग कागदाने झाकून, जिथे अडकलो तेवढीच ओळ बघायची आणि परत झाकून पुढे स्वतः करायचं. आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित परत, काही न बघता.

शिडीच्या गणितात त्याचं वाक्य होतं, "अडकलो कारण भिंत गुळगुळीत आहे म्हणजे नेमकं काय करायचं ते माहीत नाही." बास, एवढंच. गुळगुळीत म्हणजे तिथे घर्षण नाही, भिंत फक्त आडवा रेटा देणार. ही एक गोष्ट कळल्यावर पुढचं त्याने माझ्यासमोर सहा मिनिटांत केलं, भिंतीवरची उंची ४ मीटर, वजन शिडीच्या मध्यावर म्हणजे पायापासून आडवं दीड मीटर, पायाभोवती मोमेंट (बल गुणिले अंतर, म्हणजे फिरवायचा जोर) घेतला की रेटा गुणिले ४ बरोबर २०० गुणिले १.५, म्हणजे रेटा ७५ न्यूटन आणि जमिनीचं घर्षणही तेवढंच. कागदाकडे बघत म्हणला, "मॅम, मला तर वाटत होतं अख्खं मेकॅनिक्स येत नाही."

अडकायची जागा विषयागणिक वेगळी असते, हे मला या मुलांकडूनच कळत गेलं. मेकॅनिक्समध्ये बहुतेक वेळा आकृतीतच घोळ असतो, एक बल काढायचं राहून गेलेलं असतं. केमिस्ट्रीत वेगळंच. पाण्याच्या हार्डनेसच्या (कठीणपणाच्या) गणितासाठी ओंकारने १६२, १४६, १३६, १२० असे आकडे पाढ्यासारखे पाठ केले होते, आणि १०० ने गुणून त्या आकड्याने का भागायचं विचारलं तर गप्प. अरे, ते आकडे म्हणजे त्या त्या क्षाराचं रेणुभार आहे आणि १०० हे कॅल्शियम कार्बोनेटचं, वेगवेगळ्या देशांच्या नोटा एकत्र मोजायच्या असतील तर आधी सगळ्यांचे रुपये करतो तसंच हे. १३६ मिलिग्रॅम कॅल्शियम सल्फेट म्हणजे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकं, बस. (मी स्वतः बीएस्सी केमिस्ट्री, म्हणून एवढं तरी सांगू शकले, एमवनसाठी त्याला सिनियरकडेच पाठवलं.)

दिवाळीला तो घरी गेला. पप्पांना काही सांगितलं नाही, पण ताईला सांगितलं. ताई तिथेच बीकॉमला आहे. तिने ऐकून घेतलं आणि आपली अकाउंट्सची वही दाखवली. तिचा ट्रायल बॅलन्स (डेबिट आणि क्रेडिटची बेरीज सारखी येते का बघायचा तक्ता) टॅली होत नव्हता, २७० चा फरक येत होता, आणि ती शांतपणे म्हणाली, २७० ला ९ ने भाग जातो ना, म्हणजे कुठेतरी आकडे उलटसुलट झाले असतील. शोधलं तर खरंच ५,४१० च्या जागी ५,१४० लिहिलं होतं. आणि तसं नसेल तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची, एखादी एन्ट्री चुकीच्या बाजूला पडलेली असते. ओंकार परत आल्यावर हे मला इतक्या उत्साहाने सांगत होता की मी टोकलंच नाही. "तिच्या वहीत सगळीकडे पेन्सिलच्या खुणा आहेत मॅम, आणि ती तशीच सबमिट करते." त्याला हे नवीन होतं, की चूक झालेली दिसली तरी चालतं.

एमवनचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. एका चॅप्टरची दहा गणितं सलग केली की येत होती, पेपरात मिसळून आली की कुठली मेथड लावायची तेच सुचत नव्हतं. त्यासाठी आम्ही चिठ्ठ्या केल्या. जुन्या पेपरांतली २० गणितं कापून डब्यात टाकली, रोज पाच काढायची, आणि सोडवायची नाहीत, फक्त सुरुवात कुठून करशील आणि का ते दोन ओळीत लिहायचं. मग त्यातलं एक पूर्ण करायचं. पहिला आठवडा फार वाईट गेला आणि तो वैतागून म्हणला याच्यापेक्षा आधीचं बरं होतं. तेव्हा मी त्याला रोहरर आणि टेलर या दोन संशोधकांचा २००७ चा प्रयोग सांगितला. घनाकृतींचं घनफळ काढायची गणितं, एका गटाला एका प्रकारची सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आणि मिसळवाले ६३ वर. म्हणजे सराव करताना जे जड जातंय, चुकतंय, ते वाया जातंय असं समजायचं कारण नाही. हे आकडे त्याने रूमच्या भिंतीवर चिकटवले.

आता कोणीतरी विचारेल, मॅडम हे सगळं ठीक आहे, पण शुक्रवारी चार विषयांचं सबमिशन आहे, प्रत्येकात दहा-बारा गणितं, १५-१५ मिनिटं अडकून बसायला वेळ कुठे आहे? बरोबर आहे तुमचं, आणि मला यात मुलांना दोष द्यावासा वाटत नाही. एवढी गणितं एका आठवड्यात कोणीच प्रामाणिकपणे करू शकत नाही, मग सगळे दुसऱ्याचं बघून छापतात आणि छापलेल्या फाईलला मार्क मिळतात. ओंकारला मी सांगितलं की दहातली तीन निवड, वेगवेगळ्या प्रकारची, ती रफ वहीत स्वतः कर. बाकीची उत्तर समोर ठेवून केलीस तरी हरकत नाही, पण प्रत्येक ओळीपाशी थांबून ही ओळ का आली ते मनात सांग, सांगता आलं नाही तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह कर, आणि सरांना भेटायला जाताना तेवढीच प्रश्नचिन्हं घेऊन जा. "सर काहीच कळत नाही" म्हणून गेलात तर सरही काय सांगणार, आणि मुलं जात नाहीत ती बरेचदा याच्यामुळेच, कुठून विचारायचं तेच कळत नसतं.

आईवडिलांना एकच विनंती, फोनवर किती गणितं झाली आणि किती मार्क पडले हे जरा कमी विचारा. आज कुठे अडकलास, असं विचारून बघा. विषयातलं काही कळत नसलं तरी चालेल, ऐका फक्त. ओंकारच्या ताईने तेवढंच केलं होतं.

एंडसेमला त्याचं एमवन निघालं, काठावर नाही, बऱ्यापैकी. केमिस्ट्री निघाली. मेकॅनिक्स राहिलं. रडला थोडा, पण त्या वेळी मला बोलवावं लागलं नाही, तो स्वतःच आला आणि बॅकलॉगचा फॉर्म भरल्याचं सांगून गेला.

पुढे मार्चमध्ये अपॉइंटमेंट नसताना दारात उभा. म्हणला एकच मिनिट मॅम, आणि मेकॅनिक्सची फाईल उघडली. सातव्या गणिताला आकृती काढलेली, दोन समीकरणं, त्यातलं एक खोडलेलं, त्याखाली "इथे अडकलो" आणि उरलेलं अर्धं पान कोरं. बाजूला सरांनी लाल पेनने लिहिलं होतं, "आकृती बरोबर आहे. मोमेंट कुठल्या बिंदूभोवती घेतलास ते लिही, मग येऊन भेट." ते दाखवायलाच आला होता. दोनला सर मोकळे असतात म्हणाला आणि फाईल काखेत मारून पळाला.