ब्रेक लावला आणि ग्रुप फुटला? आधी आटे तपासा

२६ इंची नळीची रायफल, ६.५ क्रीडमूर काडतूस, नळीच्या तोंडावर ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) लावल्यावर अर्ध्या एमओएचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका; एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच) दीडवर, सोबत फोटो, आणि वर तुमचा प्रश्न: आता दुसरा कुठला ब्रेक घेऊ? सध्या कुठलाच घेऊ नका. ही रड ओळखीची आहे.

दोष बहुधा ब्रेकचा नाही, आट्यांचा आहे. ब्रेक बसवायला नळीच्या तोंडाशी ५/८-२४ चे आटे (५/८ इंच व्यास, इंचाला २४) पाडताना काही जण नळीच्या बाहेरच्या गोलाईला डायल (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावून सेंटर काढतात. नळीचं भोक मात्र बाहेरच्या गोलाईच्या अगदी मधोमध क्वचितच असतं. डायल भोकातच फिरायला हवा, तोही एक थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) आत. ते झालं नाही तर ब्रेक तिरका बसतो, वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीच्या बुडाला ढकलतो. अशाच कामात माझी एक नळी गेली. दुकानाचं नाव घेत नाही, पण "ब्रेकचं भोक मोठं करून घ्या, जमेल" हा त्यांचा सल्ला ऐकू नका. त्याने गोळी घासायची थांबेल, तिरकेपणा राहीलच.

रायफल रिकामी करा, बोल्ट काढा. ब्रेकच्या बाहेर पडणाऱ्या भोकाकडे बघा: तांब्याचा ओरखडा किंवा एकाच बाजूला काजळी दिसली तर गोळीबार बंद. ओरखडा नसेल तर ब्रेक काढून आट्यांवर टोपी लावा आणि पाच-पाचचे दोन ग्रुप मारा. ग्रुप पुन्हा आवळला तर आटे किंवा ब्रेक दोषी, नाही आवळला तर क्राउन (नळीच्या तोंडाची कडा) बघा. आट्यांमागच्या खांद्यावर मार्करची शाई लावा, ब्रेक हाताने बसवून काढा. शाई पूर्ण गोल घासली गेली पाहिजे. अर्धचंद्र उमटला की समजा.

उपाय एकच: इंचभर नळी कापून आटे आणि क्राउन नव्याने. वेग साधारण २०-२५ फूट प्रति सेकंद कमी होईल. होऊ दे.

ब्रेकचं म्हणाल तर बाजूला तीन-चार खिडक्या, किंचित मागे झुकलेल्या, आणि जॅम नटवर (मागून आवळून ब्रेक जागी धरणाऱ्या नटवर) सरळ करता येणारा. क्रश वॉशर (आवळताना चेपणारा) या कामाला नको. ०.२६४ च्या गोळीला ०.२८४ ते ०.२९४ इंचाचं भोक पुरे. खालीही भोकं असलेला घेतलात तर पालथं झोपून मारताना धूळ डोळ्यांत. नट आवळताना नळी धरा, ॲक्शन (बोल्ट बसतो तो भाग) नव्हे. टॉर्क कंपनीच्या कागदावरचाच.

कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही. शेजारच्या लेनवाल्यालाही आधी सांगा, शिव्या त्याच्या कमी बसतील. एफ-क्लासला (झोपून लांब पल्ल्याची नेमबाजी स्पर्धा) ब्रेक चालत नाही, तेव्हा टोपी फेकू नका. आणि ब्रेक काढला-लावला की झीरो (दुर्बिणीची नेम-जुळणी) पुन्हा तपासा.

(फोटोवरून निदान करतोय, डायल लावलेला नाही, तेव्हा दुसऱ्या गनस्मिथला दाखवाच. तो आटे पाडताना डायल कुठे लावतो, हे आधी विचारा.)