यकृतातली गाठ, ‘ॲडिनोकार्सिनोमा’ आणि पॅथॉलॉजिस्टचं अर्धवट वाटणारं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा, की सासऱ्यांच्या यकृतात ७ सेंमीची गाठ आहे, सुईच्या बायोप्सीत ‘ॲडिनोकार्सिनोमा, सीके ७ व सीके १९ पॉझिटिव्ह, हेपपार १ निगेटिव्ह, इतर अवयवातील मूळ गाठ वगळावी’ असं आलंय (ॲडिनोकार्सिनोमा म्हणजे ग्रंथींसारख्या रचनेचा कॅन्सर; सीके, हेपपार या स्टेन, म्हणजे खास रंग लावून पेशी मूळच्या कुठल्या ते ओळखायच्या खुणा), आणि तुम्हाला वाटतंय की पॅथॉलॉजिस्ट हात झटकतोय.

तसं नाही. निम्मी हयात मायक्रोस्कोपपुढे गेलीय, म्हणून त्या बाजूने सांगतो.

यकृतात मूळ धरणारे मुख्य कॅन्सर दोन. यकृतपेशींचा हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा आणि पित्तनलिकांच्या अस्तरातून उठणारा कोलॅन्जिओकार्सिनोमा. यकृतपेशींची खूण असलेला हेपपार १ निगेटिव्ह आणि पेशी ग्रंथींसारख्या रचलेल्या, म्हणजे पहिल्याची शक्यता बरीच मागे पडते (यकृतपेशींची दुसरी खूण, आर्जिनेज १, सुद्धा निगेटिव्ह असेल तर आणखीच). पण यकृतात दुसरीकडून आलेल्या गाठी मूळच्या गाठींपेक्षा जास्त आढळतात, कारण आतड्यांचं सगळं रक्त पोर्टल व्हेनने तिथेच येतं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर असेल तर सहसा सीके २० आणि सीडीएक्स २ या खुणा पॉझिटिव्ह येतात, फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाला बहुतेकदा टीटीएफ १. खरी अडचण स्वादुपिंडाची. तिथून आलेली गाठ आणि पित्तनलिकेची गाठ, दोघींत तशाच वेड्यावाकड्या ग्रंथी, भोवती तसाच दाट तंतुमय पसारा आणि सीके ७, सीके १९ दोन्हीकडे पॉझिटिव्ह. तिथे प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट एवढंच लिहू शकतो. पुढचा निवाडा सीटी, एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपीचा. त्या तपासण्या ‘उगाच’ सांगितलेल्या नाहीत.

अल्ब्युमिन हे यकृतात बनणारं प्रथिन; ते बनवण्याचा जनुकीय संदेश गाठीच्या पेशींत आहे का ते पाहणारी इन सिटू हायब्रिडायझेशन चाचणी काही प्रयोगशाळांत होते. ती पॉझिटिव्ह आली तर गाठ यकृतातलीच असण्याकडे मोठा कल जातो. निगेटिव्ह आली म्हणून मात्र कोलॅन्जिओकार्सिनोमा खोडता येत नाही, कारण त्याचा एक प्रकार त्यात अनेकदा निगेटिव्हच येतो.

यकृतातल्या कोलॅन्जिओकार्सिनोमाचे हे दोन प्रकार डब्ल्यूएचओच्या २०१९च्या वर्गीकरणात स्पष्ट झाले. मोठ्या नलिकांचा प्रकार यकृताच्या मुखाजवळ (पित्तनलिका बाहेर पडतात तिथे) असतो, श्लेष्मा भरपूर, केआरएएस या जनुकात बदल सापडतात. पित्तनलिकांतले खडे, स्क्लेरोझिंग कोलँजायटिस (पित्तनलिका दाहाने आक्रसण्याचा आजार) आणि यकृतातले कृमी ही त्याची पार्श्वभूमी. छोट्या नलिकांचा प्रकार कडेच्या भागात गोळा होऊन वाढतो, श्लेष्मा जवळजवळ नसतो, अल्ब्युमिन चाचणी बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते. हिपॅटायटिस बी, सी किंवा सिरॉसिस झालेल्यांत तो दिसतो. धोक्याचं कुठलंच कारण न सापडणारे रुग्णही पुष्कळ.

खाली कुणीतरी मासे खाल्ल्याने हा कॅन्सर होतो असा मुद्दा काढलाय. तो आहे ईशान्य थायलंडचा. तिथे गोड्या पाण्यातले मासे कच्चे खाण्याची पद्धत आहे, त्यातून ऑपिस्थॉर्किस हा कृमी पित्तनलिकांत जाऊन वर्षानुवर्षं दाह करतो आणि या कॅन्सरचं तिथलं प्रमाण जगात सर्वाधिक आहे. नीट शिजवलेल्या माशात तो जिवंत राहत नाही. आपल्या कालवणाला दोष देऊ नका.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. कोलॅन्जिओकार्सिनोमाच्या गाठीत तंतूच फार असतात, म्हणून सुईच्या तुकड्यात कॅन्सरपेशी मोजक्याच येतात. एकामागून एक स्टेन लावत गेलं की ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) संपतो, आणि जनुकीय तपासणीसाठी काही उरत नाही. ती तपासणी इथे शोभेची नाही. आयडीएच १ या जनुकातला बदल किंवा एफजीएफआर २ या जनुकाचं फ्यूजन (दुसऱ्या जनुकाशी जुळून जाणं), विशेषतः छोट्या नलिकांच्या प्रकारात, सापडू शकतं आणि दोन्हींवर नेमकी औषधं आहेत. एफजीएफआर २ वरच्या पेमिगॅटिनिबला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली, आयडीएच १ वरच्या आयव्होसिडेनिबला या कॅन्सरसाठी २०२१ मध्ये. आजार शस्त्रक्रियेपलीकडे असेल तर ऑन्कॉलॉजिस्टला आत्ताच विचारा, ‘एनजीएस (एकाच वेळी अनेक जनुकांची तपासणी) करायचं का, आणि ब्लॉकमध्ये तेवढा गाठीचा अंश उरलाय का?’ फ्यूजन शोधायचं तर आरएनएवर आधारित पॅनेल बरं. ब्लॉक पुरेसा नसेल तर रक्तावरची तपासणी होते, पण फ्यूजन तिच्यात निसटू शकतं.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नका. स्लाइड्स आणि ब्लॉक सही करून मागून घ्या. सोबत सीटीचा रिपोर्ट, जुनी शस्त्रक्रिया, हिपॅटायटिसचा इतिहास लिहून द्या. आमच्या टेबलावर कित्येकदा फक्त ‘लिव्हर एसओएल’ (यकृतात गाठ) एवढीच चिठ्ठी येते, त्यावर काय कपाळ सांगणार!

सीए १९-९ या रक्तातल्या कॅन्सर-खुणेच्या आकड्यावर झोप उडवू नका. कावीळ असली तर तो तसाही चढतो, आणि काही लोकांच्या शरीरात रक्तगटाच्या ठेवणीमुळे तो तयारच होत नाही.

एंडोस्कोपी झाली की तिचा निष्कर्ष आणि सीटीतलं स्वादुपिंडाबद्दलचं वाक्य इथे टाका, मग पुढचं बोलू.