वाचनात तीस, बोलण्यात वीस

शांघायमध्ये राहून परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांचे समुपदेशन करताना मला वर्षभर एकच प्रश्न विचारला जातो : "टोफेल पुन्हा देऊ का?" विचारणाऱ्याने इंग्रजीची ही परीक्षा दोन-तीनदा दिलेली असते, बोलण्याच्या विभागात त्याचे गुण अडलेले असतात (२०२६ पूर्वीच्या पद्धतीत तीसपैकी वीस-एकविसावर) आणि आपल्याला इंग्रजी येतच नाही, अशी त्याची जवळजवळ खात्री झालेली असते. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या एका मुलीची हकिगत त्यासाठी सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी हुनान प्रांतातली, पर्यावरण अभियांत्रिकीची. सोबत आई होती आणि आईच्या हातात तीन गुणपत्रिका होत्या. शेवटचीत वाचनाला ३०, श्रवणाला २८, लेखनाला २६ आणि बोलण्याला २०, असे १२० पैकी १०४ गुण होते. "वाचनात पैकीच्या पैकी आणि बोलण्यात वीस, हे कसे? क्लास बदलू का?" आईने विचारले. मुलगी मान खाली घालून बसली होती. दर परीक्षेला दोन हजार युआनहून अधिक शुल्क पडत होते, आणि शांघायमध्ये जागा न मिळाल्याने तिसऱ्या वेळी मायलेकींना हांगझोऊला जाऊन मुक्काम करावा लागला होता.

आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर चिनी शाळेत आहे. महाविद्यालयीन प्रवेशाच्या गाओकाओ परीक्षेत इंग्रजीला १५० गुण असतात, पण हुनानसारख्या प्रांतात त्यात बोलण्याचा वाटा नसतो. वाचता येते, लिहिता येते, पण तोंड उघडत नाही, अशा इंग्रजीला चिनी लोक स्वतःच 'याबा यिंग्यू', म्हणजे मुकी इंग्रजी, म्हणतात. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

उरलेले अर्धे उत्तर मला तिच्याकडूनच मिळाले. त्या वेळच्या परीक्षेतील पहिल्या प्रश्नासारखा एक प्रश्न मी तिला दिला : अभ्यास ग्रंथालयात करणे बरे की घरी? तयारीला १५ सेकंद, उत्तराला ४५. मोबाइलवरील घड्याळ सुरू होताच मघाची ती अबोल मुलगी धडाधड बोलू लागली. ग्रंथालयात ताण हलका होतो, हे पहिले कारण. वेळ वाचतो, हे दुसरे. मग एका चुलत बहिणीचे उदाहरण. त्रेचाळिसाव्या सेकंदाला तिने श्वास घेतला आणि शेवटचे वाक्य अर्धेच राहिले. मी दुसरा प्रश्न दिला, विद्यापीठाने पैसा व्यायामशाळेवर खर्च करावा की प्रयोगशाळेवर? पुन्हा ताण हलका झाला, वेळ वाचला आणि तीच चुलत बहीण हजर झाली. क्लासमध्ये यांना 'सर्व प्रश्नांना चालणारी कारणे' म्हणतात आणि ती घोटून घेतली जातात. त्या वेळच्या परीक्षेत उत्तर माणूसही तपासत असे आणि यंत्रही, आणि गुण केवळ उच्चारांवर ठरत नसत, मुद्दा कसा फुलवला हेही पाहिले जाई. पाठ केलेले उत्तर माणसाच्या कानाला लगेच कळते. मला तर पहिल्याच मिनिटात कळले.

मी घड्याळ बाजूला ठेवले आणि तिच्या प्रकल्पाविषयी विचारले. तिचे काम भातशेतीच्या मातीतील कॅडमियम या विषारी धातूवर होते, आणि हुनानमध्ये तो प्रश्न घरोघरचा आहे. मामाच्या शेतात चुना का टाकतात, आम्लता कमी झाल्यावर भाताचे रोप कॅडमियम कमी का शोषते, हे ती इंग्रजीत चार-पाच मिनिटे सांगत राहिली. काळ चुकत होते, दोनदा शब्द अडला, एकदा तिने हातानेच चुना फेकून दाखवला; पण मला सगळे समजले. आईला इंग्रजी येत नव्हते, तरीही ती टक लावून मुलीकडे पाहत होती.

त्यानंतर आम्ही तिने अर्जासाठी निवडलेल्या सहा विभागांच्या अटी एकेक करून वाचल्या. माझ्या मते हे काम पहिल्या परीक्षेआधीच व्हायला हवे, पण ते सहसा कोणी करत नाही. सहाही ठिकाणी एकूण शंभर गुण पुरेसे होते. एका विभागाला मात्र बोलण्यात किमान २२ हवे होते, आणि नेमका तोच तिच्या पहिल्या पसंतीचा होता. इंग्रजीची अट हा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर १०४ चे ११० करण्याने निवड समितीचे मत फारसे बदलत नाही, तेथे पुढे संशोधनाचा अनुभव आणि शिफारसपत्रेच बोलतात. म्हणून चौथी परीक्षा द्यायची, पण त्या दोन गुणांपुरतीच, असे ठरले. आयेल्ट्स या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेचाही विचार झाला, कारण तेथे परीक्षक समोर बसून अकरा ते चौदा मिनिटे बोलतो आणि काहींना ते सोपे जाते. तिला मात्र परक्या माणसाच्या नजरेचीच धास्ती होती.

पाच आठवडे तिने रोज एका प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या आयुष्यातील गोष्ट घेऊन ध्वनिमुद्रित केले आणि मला पाठवले. चुलत बहिणीला बंदी होती. पहिल्या आठवड्यातील उत्तरे आधीच्यापेक्षा वाईट होती, आणि ते मी तिला आधीच सांगून ठेवले होते. (जानेवारी २०२६ पासून हे प्रश्न गेले आहेत, आता ऐकलेले वाक्य तसेच म्हणून दाखवायचे असते आणि मुलाखतीसारख्या प्रश्नांना तयारीच्या वेळेविना उत्तरे द्यायची असतात, आणि गुण १ ते ६ या श्रेणीत मिळतात. घोकंपट्टीला जागा आणखी आक्रसली आहे.)

डिसेंबरच्या सुरुवातीला निकाल लागला : वाचन २८, श्रवण २७, लेखन २५, बोलणे २३. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. "लाओशी (म्हणजे सर), एकूण गुण एकाने कमी झाले. पाचवी परीक्षा नोंदवू का?"

विभागाची अट मी त्यांना पुन्हा वाचून दाखवत होतो, तेवढ्यात मागून मुलीचा आवाज आला. १०३ ची गुणपत्रिका तिने दुपारीच विद्यापीठाकडे रवाना केली होती.